काढायचा ब्लॉक आणि द्यायचा ब्लॉक

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही गंगावेशीजवळ राहतो. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. दोन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी मोरीत पाय घसरून पडल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. तासाभरात दवाखान्यात नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, आत रॉड घालावा लागेल. पण ऑपरेशन झालं ते सोमवारी दुपारी. शनिवार इको आणि फिटनेसमध्ये गेला, रविवारी अमावस्या होती, आणि मुंबईचे मोठे दीर आल्याशिवाय नको असं घरात ठरलं.

शुक्रवारी रात्रीच एक तरुण भूलतज्ज्ञ वॉर्डात आले होते. म्हणाले, जांघेत एक इंजेक्शन देतो, नर्व्ह ब्लॉक म्हणतात, दुखणं बरंच कमी होईल. धाकट्या दिरांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. म्हणाले, "माझे ब्लॉक काढायला एवढा खर्च झाला, आणि तुम्ही आईच्या पायात ब्लॉक घालताय?" बाजूच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईकही म्हणाले, नस बधिर केली की पाय कायमचा लुळा पडतो. हे बाहेरगावी होते, म्हणून 'नको' असं लिहिलेल्या कागदावर सही माझी आहे.

त्या तीन रात्री मी विसरू शकत नाही. चादर बदलायला हात लावला तरी त्या किंचाळायच्या. जेवण सोडलं, पाणी सोडलं. शनिवारी रात्री त्यांना भ्रम झाला. आमच्याकडे पूर्वी म्हशी होत्या, कट्ट्यावर धारेचं दूध विकायचे. रात्रभर त्या "म्हशी सोडा, कट्ट्याची वेळ झाली" म्हणून उठायला बघत होत्या. मला ओळखलं नाही. आता वॉकरवर चालतात, डोकंही ठिकाणावर आहे.

ते इंजेक्शन घेतलं असतं तर हे टळलं असतं का? पाय लुळा पडला असता का? दीर अजून म्हणतात, आपण वाचलो. माझी आई ७४ वर्षांची, गडहिंग्लजला एकटी असते. उद्या तिच्यावर ही वेळ आली तर मी काय विचारू?

– एक सून, कोल्हापूर

* * *

ताई,

तुमचं पत्र वाचताना आधी हसले, मग गप्प झाले.

हसले ते दिरांच्या वाक्याला. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे 'ब्लॉक' म्हटलं की हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा. 'दोन ब्लॉक निघाले', 'नव्वद टक्के ब्लॉक आहे' हे महाद्वार रोडवर भाजी घेतानाही कानावर पडतं. त्यात आपली 'नस'. रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नसच. सलाईन लावताना 'नस सापडत नाही', मान अवघडली की 'नस दबली', छातीत दुखलं की 'नस ब्लॉक'. एवढ्या घोळात रात्रीच्या वेळी एक अनोळखी डॉक्टर येऊन 'नर्व्ह ब्लॉक देतो' म्हणाला, तर माणूस दचकणारच. त्या डॉक्टरांचा हेतू चांगला होता, शब्द चुकला. मी असते तर 'मांडी सुन्न करायचं इंजेक्शन' एवढंच म्हटलं असतं.

तर ते इंजेक्शन करतं काय? आपल्या पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत ना, तसं समजा. पावसाळा संपला की बंधाऱ्यात बरगे घालतात, पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात, पाणी पुन्हा वाहतं. नदीला काही होत नाही. मज्जातंतूतून वेदनेचा निरोप पुढे सरकतो तो सोडियमचे कण आत शिरतात म्हणून. ते ज्या दारातून शिरतात, त्या दारांत ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन हे औषध बरग्यासारखं जाऊन बसतं. निरोप तिथेच थांबतो. आठ-दहा तासांत, कधी त्याहून जास्त वेळाने, रक्त ते औषध हळूहळू वाहून नेतं. बरगे निघाले, पाणी सुरू.

खुब्याच्या सांध्याभोवती जे आवरण असतं, त्याच्या पुढच्या बाजूला वेदनेचे तंतू दाट असतात. ते प्रामुख्याने मांडीच्या पुढच्या मोठ्या मज्जातंतूच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या फांद्या. सासूबाईंना रॉड घातला, म्हणजे बहुधा त्यांचं हाड सांध्याच्या जरा खाली मोडलं होतं. तिथे रक्तस्राव जास्त, मोडलेली टोकं स्नायूंच्या ओढीने सारखी हलतात, म्हणून दुखणंही जास्त. चादर बदलताना त्या ओरडायच्या, त्यात नवल नाही.

सगळ्यात जास्त दिला जातो तो ब्लॉक असा असतो. जांघेत, रक्तवाहिनीपासून चांगलं दोन-तीन बोटं बाहेरच्या बाजूला, आधी कातडी बधिर करतात. मग बोथट टोकाची सुई आत जाते. आत कापडासारखे दोन ताणलेले पापुद्रे आहेत. सुई एकेक पापुद्रा ओलांडते तेव्हा बोटांना 'टप्' असं जाणवतं, थोड्या अंतराने दुसरं 'टप्'. दुसऱ्या पापुद्र्याखाली तीस-एक मिली पातळ औषध सोडलं की ते पसरत पसरत मज्जातंतूंपर्यंत स्वतः जातं. म्हणजे सुई मुळात नसेच्या वाटेलाच जात नाही. ही पद्धत १९८९ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी लहान मुलांसाठी मांडली होती, पुढे म्हाताऱ्यांच्या खुब्यासाठी ती वरदान ठरली. २०१८ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी अजून एक प्रकार मांडला, 'पेंग' ब्लॉक. त्यात औषध थेट सांध्याच्या पुढच्या तंतूंपाशी सोडतात, त्यामुळे मांडीची ताकद बहुतेक टिकते. तुमच्या डॉक्टरांच्या मनात यातला कुठला होता ते पत्रावरून कळत नाही, आणि त्याने फारसा फरकही पडत नाही. ज्याचा हात ज्यात बसलाय त्याने तो द्यावा.

आता मी गप्प का झाले ते सांगते.

मी पस्तीस वर्षं भूल दिली. त्यातली पहिली बरीच वर्षं खुब्याच्या पेशंटला असा ब्लॉक कधी दिला नाही. ऑपरेशनच्या भुलेचं पाठीतलं इंजेक्शन देण्यासाठी पेशंटला कुशीवर तरी वळवावं लागतं, नाहीतर बसवावं लागतं. मोडलेल्या खुब्यानं. दोन मामा, एक सिस्टर, एक हाडांचे डॉक्टर असे चौघं मिळून आजीला धरायचे, मी मागे सुई घेऊन उभी. "आजी, एकच मिनिट, झालंच." ते मिनिट कधीच एक नसायचं. शिरोळकडच्या एका आजींनी तेव्हा माझ्या ॲप्रनची कड मुठीत धरली होती. इंजेक्शन झालं, कंबरेखाली सगळं सुन्न झालं, तरी मूठ सुटेना. आम्ही सगळे ते ओरडणं ऑपरेशनचाच भाग समजायचो. कुणी मुद्दाम क्रूर नव्हतं, सवय होती. नंतर एका कार्यशाळेत हा ब्लॉक शिकले, पहिल्यांदा दिला, वीस-पंचवीस मिनिटं थांबले, आणि तशाच एका आजींना कुशीवर वळवलं, तर त्या मलाच विचारतात, "झालं व्हय?" त्या दिवशी मला आनंद कमी आणि लाज जास्त वाटली.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आडपडदा न ठेवता देते. हो, त्या तीन रात्रींतलं बरंचसं दुखणं टळलं असतं. सगळं नाही. एक इंजेक्शन शुक्रवारी रात्रीचं, ते शनिवारी सकाळपर्यंत चाललं असतं. पुढे ते पुन्हा द्यावं लागलं असतं, किंवा बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवावं लागलं असतं. पण २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने ४९ चाचण्या आणि तीन हजारांवर पेशंट एकत्र करून पाहिलं. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासात, हालचाल करताना होणारं दुखणं दहापैकी साधारण अडीच अंकांनी कमी झालेलं दिसलं. आठ-नऊवरून सहावर म्हणजे किंचाळण्यावरून कण्हण्यावर. घरच्यांना हा फरक अंकांत सांगावा लागत नाही.

त्याच पाहणीत भ्रमाचंही दिसलं. साधारण बारा जणांना ब्लॉक दिला तर एकाचा भ्रम टळतो. याचा अर्थ नीट घ्या. सासूबाईंचा भ्रम नक्की टळला असता असं मी म्हणू शकत नाही, आणि तुमच्या सहीमुळे झाला असंही नाही. म्हाताऱ्या मेंदूला भ्रम व्हायला तेव्हा खूप कारणं गोळा झालेली असतात. दुखणं आहेच, त्यावरची ट्रॅमाडॉलसारखी औषधं आहेत, पोटात पाणी नाही, झोप नाही, लघवीची नळी टोचतेय, आणि चष्मा बहुतेक वेळा घरी राहिलेला. (तुम्ही चष्म्याबद्दल लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते, तो दवाखान्यात नव्हता. कवळी आणि कानाचं यंत्रही असंच घरी राहतं.) तीन दिवस थांबणं हेही त्यातलंच एक कारण. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दाखल झाल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत व्हावं असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. इको आणि फिटनेस समजू शकते. अमावस्या मोडलेल्या हाडाला कळत नाही. मोठे दीर ऑपरेशननंतर आले असते तरी चाललं असतं, उलट तेव्हा उठवायला-बसवायला माणसं जास्त लागतात.

पाय लुळा पडण्याचं बघू. ब्लॉक चालू असेपर्यंत मांडी जड होते, गुडघा सरळ धरवत नाही, हे खरं. कुणीतरी तेच बघितलेलं असतं आणि 'कायमचा' हा शब्द वॉर्डात चिकटतो. औषध उतरलं की ताकद परत येते. मज्जातंतूला दीर्घकाळ टिकणारी इजा दहा हजारांत दोन-चार जणांना होते. दुसरा धोका, औषध चुकून रक्तात जाण्याचा. तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, पुढे झटके किंवा हृदयाचे ठोके बिघडणं. हा दुर्मिळ आहे पण खरा आहे, म्हणूनच ब्लॉक मॉनिटर लावून, सलाईन चालू असताना, आणि त्यावरचा उतारा असलेलं लिपिड इमल्शन हाताशी ठेवून द्यायचा असतो. मात्रा वजनावर ठरते. ब्युपिव्हकेन किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. समजा सासूबाई ४२ किलोच्या, म्हणजे मर्यादा ८४. पाव टक्क्याचं औषध तीस मिली घेतलं तर ७५ मिलिग्रॅम होतात. बसतं, पण फार सैल नाही. म्हणून डॉक्टरांनी वजन विचारलं की 'असतील पन्नास-पंचावन्न' असं अंदाजानं ठोकून देऊ नका.

आणि हो, ब्लॉक म्हणजे ऑपरेशनची भूल नव्हे. मांडीच्या मागचा मोठा मज्जातंतू त्यात येत नाही. ऑपरेशनला पाठीतलं इंजेक्शन किंवा पूर्ण भूल लागतेच. ब्लॉक त्याच्या आधीचं आणि नंतरचं दुखणं सांभाळतो.

आता सहीबद्दल. तुम्ही तीन वेळा त्या सहीचा उल्लेख केलाय, एकदा पत्रात आणि दोनदा पाकिटातल्या वेगळ्या चिठ्ठीत. मला मात्र पत्रभर एक वाक्य सापडलं नाही. शुक्रवारी रात्री सासूबाई शुद्धीवर होत्या, भ्रम शनिवारी झाला. त्या काय म्हणाल्या? त्यांना कुणी विचारलं का? दीर बोलले, बाजूचे पाहुणे बोलले, तुम्ही सही केलीत. ज्यांचा खुबा मोडला होता त्या बाई तीन फुटांवर पडल्या होत्या. शुद्धीवरच्या, समजणाऱ्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच असते. मुलगा मोठा असो की धाकटा, तो तिच्या वतीने 'नको' म्हणू शकत नाही. दवाखान्यांनीही नातेवाइकांकडे कागद सरकवायची सवय सोडायला हवी, आणि हे मी माझ्याच जातभाईंना म्हणतेय. आम्हीही तेच करत आलोय, कारण पेशंटशी बोलायला वेळ लागतो आणि नातेवाईक कॉरिडॉरमध्ये उभेच असतात. तेव्हा एकट्या तुमच्या माथी ते घेऊ नका. पण एकदा दुपारी निवांत असताना सासूबाईंनाच विचारा, 'तेव्हा तुम्हाला ते इंजेक्शन हवं होतं का?' काय म्हणतात ते मला कळवा.

आता गडहिंग्लजच्या आईंचं. देव करो आणि वेळ न येवो, पण चौऱ्याहत्तरीत एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

पडल्यावर खुब्यात दुखतंय, पाय आखूड दिसतोय, तळवा बाहेरच्या बाजूला वळलाय, उभं राहता येत नाही, तर कुणालाही पाय ओढू देऊ नका. आपल्याकडे तालमीच्या वस्तादांचा हात मोठा, निसटलेला खांदा आणि मुरगळलेलं मनगट त्यांनी पिढ्यान् पिढ्या बसवलंय, त्याबद्दल मला आदर आहे. खुब्याचं मोडलेलं हाड त्यांच्या हातातलं काम नाही. दवाखान्यात पोचलात की पहिल्या तासातच विचारा, 'दुखण्यासाठी ब्लॉक देणारं कुणी आहे का? आत्ता देता येईल का?' ऑपरेशनच्या दिवशी नव्हे, दाखल झाल्या रात्री. अमेरिकेच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या सूचनांत ऑपरेशनपूर्वीच्या ब्लॉकची ठाम शिफारस केलीय. त्याच सूचनांत पायाला वजन टांगून ठेवण्याला नाही म्हटलंय. आपल्याकडे अजून खाटेच्या कडेवरून दोरी आणि वजन दिसतं. त्याने दुखणं कमी झाल्याचा पुरावा मिळालेला नाही.

भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध नसतील तर निदान पॅरासिटामॉलचं सलाईन वेळेवर, ठरलेल्या तासांनी मिळतंय ना, ते बघा. 'दुखलं की सांगा' यावर म्हाताऱ्या बायका कधीच सांगत नाहीत. डायक्लोफिनॅकच्या जातीची इंजेक्शनं या वयात किडनीला आणि पोटाला जड जातात, म्हणून ती टाळलेली बरी.

आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर तिचं नाव एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायला सांगा, नुसतं 'हृदयाची पांढरी गोळी' असं नको. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पाठीतलं इंजेक्शन काही दिवस टाळावं लागतं. जांघेतला ब्लॉक मात्र बहुतेक वेळा देता येतो, कारण ती जागा वरची असते आणि रक्त आलं तरी बाहेरून दाबून धरता येतं. नक्की काय करायचं ते तिथले भूलतज्ज्ञ ठरवतील, त्यांच्या हातात नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली एवढं पडलं पाहिजे.

कुठे सांगतील की आमच्याकडे ब्लॉकसाठी सोनोग्राफीचं मशीन नाही. त्याला एक इतिहास आहे. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, मग ते मांडीतली नस बघायला घेतलेलं असलं तरी. आपल्या जिल्ह्यात तर त्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, बसवण्याचा प्रयोग झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्यामुळे छोट्या दवाखान्यात भूलतज्ज्ञाकडे स्वतःचं मशीन नसणं समजण्यासारखं आहे. मशीन असलं तर सुई आणि औषध पडद्यावर दिसतं, काम जास्त अचूक होतं. नसलं तरी मघाशी सांगितलेल्या दोन 'टप्'वर जाणत्या हाताचा ब्लॉक होतो. मी सुरुवातीला तसेच दिलेत. 'तुम्ही हा नेहमी देता का?' एवढं विचारलंत तरी पुरे, चांगला डॉक्टर त्याचा राग धरत नाही.

ऑपरेशननंतर ब्लॉक दिला असेल तर पहिल्यांदा उठवताना फिजिओथेरपीवाल्यांना ते आधी सांगा. गुडघा दगा देऊ शकतो. त्या दिवशी आई एकटीने संडासाला उठायला बघतील, सवयच असते. दोन माणसं आणि वॉकर, त्याशिवाय नाही.

सासूबाईंच्या हाडांचं औषध सुरू झालंय का, हे पुढच्या तपासणीत जरूर विचारा. एक खुबा मोडला की दुसरा मोडायची भीती वाढते. रॉड घातला म्हणजे हाडाचा ठिसूळपणा गेला नाही. आणि मोरीत रबरी चटई आजच टाका, भिंतीला धरायला दांडी बसवा.

राहिले धाकटे दीर. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एवढंच आठवायला सांगा की अँजिओप्लास्टीच्या वेळी मनगटात किंवा जांघेत नळी घालण्याआधी डॉक्टरांनी एक बारीक इंजेक्शन दिलं होतं आणि म्हटलं होतं, 'थोडं चुरचुरेल, मग सुन्न होईल.' ते लिग्नोकेन. ब्लॉकच्या औषधाचं सख्खं भावंड. त्यांच्या मज्जातंतूंनाही तेव्हा बरगे घातले होते. त्यांचा तो हात-पाय हलतोय ना, तेवढं विचारा.